एकशेपाच अंशांची खोली

उष्माघातातून बरा झालेला सैनिक पुन्हा कामावर घ्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी इस्रायलच्या सैन्यात एक चाचणी घेतात. खोलीचं तापमान ४० अंश सेल्सिअस, हवेतली आर्द्रता ४० टक्के. ट्रेडमिलला किंचित चढ देऊन ताशी ५ किलोमीटरच्या चालीने दोन तास चालायचं. शरीराच्या आतलं तापमान सतत मोजत राहतात, आणि तेही काखेत किंवा कपाळावर नाही, तर गुदद्वारातून. कारण घामाने भिजलेल्या माणसाची कातडी आतल्या तापाबद्दल काहीही सांगते. आतलं तापमान ३८.५ च्या वर गेलं किंवा नाडी मिनिटाला १५० च्या पुढे पळाली, तर समजायचं की या माणसाला उष्णता अजून पेलत नाही.

मी ज्या हॉट योगाच्या वर्गाला जायचे, तिथल्या खोलीत १०५ अंश फॅरनहाइट असायचे. म्हणजे सेल्सिअसमध्ये साडेचाळीस. आर्द्रता ४० टक्के, वेळ दीड तास. थर्मामीटर कोणाच्याच अंगाला नाही. त्याऐवजी मंद दिवे, बासरीची धून आणि निलगिरीच्या तेलाचा वास.

हे दोन्ही आकडे मी आजारपणानंतर अंथरुणात पडल्या-पडल्या शेजारी-शेजारी वाचले आणि मला आधी हसू आलं. सैन्य जी परीक्षा डॉक्टर उभा करून घेतं, तीच आम्ही महिन्याचा पास काढून देत होतो.

मी मूळची नागपूरची. बरीच वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहते. जानेवारीत इथे पारा उणे वीसच्या आसपास जातो तेव्हा हाडांपर्यंत गारठा मुरतो, खांदे कानाला चिकटतात ते मार्चपर्यंत खाली येत नाहीत. अशा संध्याकाळी ऑफिसातून सुटून त्या गरम खोलीत शिरायचं, चटईवर पाठ टेकायची आणि पहिली पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं, याला दुसरं नाव नाही, सुखच. लोक हॉट योगाबद्दल वजन, लवचिकता, त्वचेची चमक असं काय काय बोलतात. माझं कारण एवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे: मला हिवाळ्यात ऊब हवी असते. खरं कारण माहीत असलं की पुढची बरीच भानगड वाचते, पण त्याकडे नंतर येते.

नागपुरात हे कोणाला सांगायची सोय नाही. फोनवर वहिनी म्हणाली होती, "पैसे देऊन घाम गाळून राहिली तू? मे महिन्यात इकडे ये, फुकटात होते." आणि त्याच वहिनीच्या मुलाच्या लग्नात, वर्ध्याकडच्या एका मंगल कार्यालयात, मे महिन्यातच, मला उष्माघात झाला.

गंमत म्हणजे मी उन्हात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. टिनाच्या छताखाली कापडी सिलिंग लावलेला हॉल, चारी कोपऱ्यांत पिंपाएवढे कूलर आणि भरगच्च पाहुणे. बाहेर ४४ अंश. कूलर सकाळपासून पाणी पीत होते आणि ओली हवा आत फेकत होते. खिडक्या मात्र बंद, कारण उघडल्या तर झळा येतात. मंगलाष्टकांच्या आधी लाइट गेली. जनरेटरवर माईक आणि पंखे चालू राहिले, कूलर थांबले, आणि सकाळभर साठलेला दमटपणा तिथेच कोंडला. माझ्या अंगावर पैठणी. शिकागोहून येऊन आठवडाही झाला नव्हता, झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं, नाक वाहत होतं म्हणून सर्दीची झोप आणणारी गोळी घेतलेली, आणि रक्तदाबाची रोजची गोळी, जिच्यात लघवी वाढवून पाणी बाहेर काढणारं औषध मिसळलेलं असतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक आहे. उष्माघात बहुतेक असाच जमून येतो.

आधी डोकं जड झालं. मग मळमळ. मग हातावर सरसरून काटा आला, थंडीत येतो तसा. भाचीने पन्ह्याचा ग्लास पुढे केला तर मी तिच्यावर खेकसले म्हणे, आणि तिला माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या नावाने हाक मारली. "आत्या, तू बस गं जरा," असं ती म्हणत राहिली आणि "मला काहीही झालेलं नाही, तुम्ही अक्षता वाटा," असं मी सांगत राहिले. यातलं अर्धं मला आठवतं, अर्धं मला नंतर कळलं. ते "मला काहीही झालेलं नाही" मला नीट आठवतं, कारण ते बोलताना मला शंभर टक्के खात्री होती.

वाचवलं आचाऱ्याने. भट्टीपाशी जन्म काढलेला माणूस, त्याने एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओरडला, "विचारून काय राहिले तिला, पाणी टाका अंगावर!" मठ्ठ्याच्या पिंपासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या मागच्या ओसरीत पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. मला तिथेच फरशीवर आडवं केलं आणि पैठणीसकट बादल्या ओतल्या. बर्फ फोडून, पंचांत बांधून मानेला, काखेत, जांघेत लावला. दोघीजणी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मोठी मावशी तळपायाला कांदा घासत होती. कांद्याचा उपयोग शून्य, पण कांदा शोधण्यापायी कोणी पाणी थांबवलं नाही, एवढं खरं. पैठणीचा जांभळा रंग फरशीभर उतरला.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा, एवढं सगळं करूनही, अंगात १०४ ताप होता. तिथल्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं की ॲम्ब्युलन्सची वाट पाहत नुसतं बसला असता तर आज वेगळं बोलत असतो. उष्माघातात आधी गार करायचं आणि मग हलवायचं, हा वैद्यकातला आजचा सरळ नियम आहे. शरीराचं आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेलेलं आणि त्यासोबत डोक्याचा गोंधळ, म्हणजे असंबद्ध बोलणं, चिडणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं. दोन्ही एकत्र दिसलं की तो उष्माघात. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला तर माणूस बहुधा धडधाकट बाहेर येतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड, स्नायू, रक्त गोठण्याची क्रिया, सगळीकडे पडझड सुरू होते. आणि घाम थांबला तरच उष्माघात समजायचा, ही जुनी समजूत धोक्याची आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. मीही निथळत होते.

"तुला तर हॉट योगाची सवय होती ना?" हे मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं. होती. उष्णतेची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत होते: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण ही सवय जपून ठेवता येत नाही. उष्णता थांबली की काही आठवड्यांत ती उतरते. इकडे बर्फ वितळला की मी वर्गाला जाणं बंद करते, त्यामुळे मे उजाडेपर्यंत माझं शरीर पुन्हा एअरकंडिशनरचं झालेलं होतं. नागपूरकर म्हणून जो काही माज असतो, "आम्हाला काय ऊन सांगता" वगैरे, त्याला शरीरशास्त्रात जागा नाही.

नागपूरकराला एक गोष्ट मात्र पुस्तक न वाचता कळते, ती म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यात डेझर्ट कूलर घर असं गार करतो की रात्री चादर लागते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, आणि घरात नुसती चिकचिक. हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं, आणि पाणी उडालं तरच गारवा येतो. आपली कातडीही हेच यंत्र आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. जो घाम वाळला नाही, नुसता चटईवर टपटपला, त्याने गारवा शून्य. पाणी आणि मीठ मात्र गेलंच. हॉट योगाच्या वर्गात टॉवेल पिळून दाखवणारी माणसं असतात. तो पिळलेला घाम म्हणजे वाया गेलेला घाम.

हवामानखात्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक असतो; घाम किती वाळेल याचा अंदाज तो देतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर हा ओला तापमापक साधारण २४ दाखवेल. साडेचाळीस अंश आणि ४० टक्क्यांच्या योगाच्या खोलीत तो २९ च्या आसपास जातो. म्हणजे डोक्यावरचं ऊन वगळलं तर ती खोली नागपूरच्या मे महिन्यापेक्षा कठीण आहे, आणि वीस-पंचवीस माणसं तासभर श्वास सोडत राहिली की आणखी कठीण होते. वहिनीला हे सांगितलं तर तिचा टोमणा निम्मा बाद होईल म्हणून सांगितलेलं नाही. दमट उष्णता किती फसवी असते, हे आपण १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं. महाराष्ट्रभूषण सोहळ्याच्या त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भात ३८ ला कोणी दुपट्टाही बांधत नाही. तिथे चौदा माणसं गेली.

शिकागोला परतल्यावर माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट केली ती औषधांची यादी मागवण्याची. पाणी काढणारी रक्तदाबाची गोळी, सर्दीच्या जुन्या झोपाळू गोळ्या, हृदयाची गती कमी ठेवणारी औषधं, काही मानसिक आजारांवरची औषधं, लिथियम. ही मंडळी उष्णतेत वेगवेगळ्या तऱ्हेने आड येतात. कोणी पाणी कमी करतं, कोणी घाम अडवतं, कोणी हृदयाला वेग घेऊ देत नाही. त्यांनी माझी गोळी बदलली. मी ती स्वतःहून बंद केली असती तर रक्तदाबाने दुसरीकडून पकडलं असतं, हेही त्यांनी बजावलं.

व्यायामाचं म्हणाल तर खेळाडूंच्या बाबतीत अमेरिकेत जी शिस्त पाळतात, तीच त्यांनी मला लावली. हॉस्पिटलातून सुटल्यावर निदान आठवडाभर व्यायाम पूर्ण बंद. मग तपासणी आणि रक्त: यकृताची द्रव्यं, मूत्रपिंड, स्नायूंची झीज दाखवणारं सीके. ते जागेवर आलं की आधी गार जागेत हलका व्यायाम. तो जमला की पुढच्या दोन ते चार आठवड्यांत आधी वेळ, मग जोर, आणि सगळ्यात शेवटी उष्णता, असं थोडं थोडं वाढवायचं. हा क्रम ऐकायला साधा वाटतो. पाळायला गेलं की कळतं, आपल्याला तो उलटा हवा असतो. मला पहिल्याच दिवशी उष्णता हवी होती. व्यायामाचं एक वेळ चाललं असतं. माझं सीके खाली यायला वेळ लागला, त्यामुळे शिस्तीतला कमीत कमी काळ माझ्यासाठी बराच ताणला गेला. उन्हाळा सरला, पानं गळली, तोवर मी दिवाणखान्यात पंखा लावून सूर्यनमस्कार घालत होते.

या रिकाम्या काळात मी हॉट योगाचा इतिहास चाळला. त्याचा मूळ पुरुष कोलकात्याचा बिक्रम चौधरी. गुरू बिष्णुचरण घोष, म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. १९७० च्या दशकात तो अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसच्या सिनेमावाल्यांत त्याने बस्तान बसवलं. सव्वीस क्रिया, ठरलेला क्रम, ठरलेली वाक्यं, ठरलेली उष्णता. या क्रमावर त्याने मालकी सांगितली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली, आसनांच्या क्रमावर कॉपीराइट मिळत नाही म्हणून. शिष्यांनी त्याच्यावर केलेले लैंगिक अत्याचाराचे आरोप पुढे आले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्याच्या माजी कायदा सल्लागार महिलेच्या बाजूने निकाल दिला. तो देश सोडून गेला, आणि स्टुडिओंनी पाट्यांवरून त्याचं नाव खरवडून नुसतं 'हॉट योगा' ठेवलं. नाव गेलं. खोलीतला धाक बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला.

तो धाक मला आजारपणाआधी कधी टोचला नव्हता, उलट आवडायचा. जुन्या पद्धतीच्या वर्गात गरुडासन होईपर्यंत पाण्याच्या बाटलीला हात लावायचा नाही असा संकेत असतो. मग पाणी प्यायची मुभा, तीही सगळ्यांनी मिळून. चक्कर आली तर चटईवर बसा, पण खोली सोडू नका. घाम पुसू नका. मळमळतंय? म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय. शेवटचं तर निव्वळ थोतांड आहे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी नावापुरतं. विषारी द्रव्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंड करतात, आणि त्यांना ते काम करायला रक्तपुरवठा लागतो, जो नेमका तेव्हा कातडीकडे वळवलेला असतो. मळमळ, अंगावर काटा, एकाएकी आलेली चिडचिड ही त्या खोलीत प्रगतीची लक्षणं मानली जातात. माझ्या वर्ध्याच्या दुपारची यादी हीच होती.

योगाच्या नावावर हे खपतं याचं मला जास्त वाईट वाटतं. आई नागपूरला रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जायची, भल्या पहाटे, कारण उन्हाळ्यात नंतर शरीर साथ देत नाही. हठयोगप्रदीपिकेत पहिल्याच उपदेशात नवशिक्या साधकाला ज्या गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत, त्यांत शेकोटीशी बसणंही आहे. चार बाजूंना अग्नी आणि डोक्यावर सूर्य घेऊन बसणारे तपस्वी आपल्याकडे होते, नाही असं नाही. पण ते मुक्तीसाठी बसत, आणि संध्याकाळी त्यांना गाडी चालवत घरी जायचं नसे.

अभ्यासकांनी या खोलीची मोजमापं घेतली आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी वीस निरोगी, सवय असलेल्या माणसांना गिळता येणारे तापमापक देऊन दीड तासाचा वर्ग करायला लावला. पुरुषांचं कमाल तापमान सरासरी १०३ फॅरनहाइटच्या वर गेलं, बायकांचं १०२ च्या आसपास, आणि एकाचं तर १०४ ओलांडून गेलं. त्यातल्या कोणाला उष्माघात झाला नाही. पण काठ किती जवळ असतो ते पाहा, आणि हे सगळे धडधाकट लोक होते. दुसरा अभ्यास टेक्सासमधला, २०१८ सालचा. बैठं आयुष्य असलेल्या मध्यमवयीन माणसांना बारा आठवडे तीच आसनं करायला दिली. काहींना साडेचाळीस अंशांत, काहींना २३ अंशांत. रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता २३ अंशांतही सुधारली. उष्णतेने त्यात वेगळी भर घातल्याचं दिसलं नाही. नैराश्यावर गरम खोलीतल्या योगाचा चांगला परिणाम दिसल्याचा अभ्यास बॉस्टनमध्ये झाला आहे, तो मी नाकारत नाही. हिवाळ्यात त्या खोलीतून बाहेर पडताना माझं मन किती हलकं व्हायचं ते मला ठाऊक आहे.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी जेव्हा विचारलं, "तुला तिथे परत का जायचंय?" तेव्हा मी आरोग्याचं कारण दिलं नाही. आवडतं म्हणून, असं सांगितलं. त्यांना ते पटलं. आरोग्यासाठी जायचं म्हटलं की माणूस औषधाचा डोस पुरा करावा तसं रेटतो. आवडीसाठी जाणारा मध्येच उठून येऊ शकतो.

पूर्ण १०५ अंशांचा वर्ग मी सोडला. त्याच स्टुडिओत ९० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण ३२ चा, एक तासाचा वर्ग असतो. त्याला 'वॉर्म' म्हणतात आणि जुने खेळाडू त्याच्याकडे जरा तुच्छतेने पाहतात. मी सुरुवातीला त्यातलाही अर्धाच तास करायचे. उभ्याची आसनं घरी, गार हवेत उरकून जायचे आणि तिथे फक्त जमिनीवरची: पवनमुक्तासन, भुजंगासन, शलभासन. गरम खोलीत कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यामुळे झोपून एकदम उठलं किंवा उष्ट्रासनातून झटकन वर आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळजण तिथेच कोसळतात. मी उष्ट्रासन तिथे करतच नाही. शिवाय उष्णतेत स्नायू जरुरीपेक्षा जास्त ताणले जातात आणि दुसऱ्या दिवशी कळतं. शेवटची कपालभातीही सोडून दिली.

चटई दाराजवळ. हिटरच्या झोताखालची जागा आणि आरशासमोरची पहिली रांग दोन्ही नकोत. जुलाब, ताप, रात्रीचं जागरण, आदल्या संध्याकाळी घेतलेली वाइन, यातलं काही असेल तर त्या दिवशी जायचं नाही. घरून निघताना आणि परतल्यावर वजन करते. एक किलो उतरलं म्हणजे ढोबळमानाने लिटरभर पाणी गेलं. ते भरून काढताना नुसतं पाणी ढोसत नाही. नुसतं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशीच, त्यामुळे बघणारा आणखी पाणी पाजतो. भाऊ नागपूरहून ओआरएसची पाकिटं पाठवतो; इथल्या रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा त्यांत साखर कमी आणि मीठ जास्त असतं. रक्तदाब असल्यामुळे किती मीठ चालेल तेही डॉक्टरांना विचारून ठरवलंय. घड्याळात नाडीचा एक आकडा त्यांनी लिहून दिलाय. तो वाजला की बसायचं, दोन मिनिटांत उतरला नाही की उठून बाहेर.

हे सगळं करता येतं. अवघड आहे ते एकच, आणि त्यावर उपाय शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी बरी आहे की नाही हे ठरवणारा मेंदूच त्या वेळी तापलेला असतो. "स्वतःच्या शरीराचं ऐका," असं शिक्षिका दर वर्गात म्हणते. वर्ध्याला मी शरीराचंच ऐकत होते, आणि ते म्हणत होतं की मला काहीही झालेलं नाही. त्यामुळे आता बाहेर पडायचा निर्णय मी खोलीत घेत नाही. तो आत शिरण्याआधी, पार्किंगमध्ये, गाडीत बसून, थंड डोक्याने घेतलेला असतो: काटा आला तर बाहेर, मळमळलं तर बाहेर, कोणावर उगाच राग आला तर बाहेर. तेव्हा बरं वाटतंय की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही. त्याच्या जोडीला शेजारच्या चटईवरची एक कोरियन बाई आहे. तिला मी सगळं सांगून ठेवलंय: मी विचित्र बोलले किंवा 'आय ॲम फाइन' असं दोनदा म्हणाले, तर हाताला धरून बाहेर ने, माझ्याशी वाद घालू नकोस, पाणी ओत आणि मग फोन कर. पहिल्यांदा ऐकून ती हसली. मग तिने मला तिच्या सासऱ्यांच्या शेतातल्या एका ऑगस्टची गोष्ट सांगितली आणि हसायची थांबली.

बाहेर पडायची वेळ गेल्या हिवाळ्यात आली. अर्धा वर्ग झाला असेल, दंडावर बारीक काटा उभा राहिला. वाटलं, दारातून येणाऱ्या थंड झोताने असेल. बहुतेक तसंच असेलही. पण पार्किंगमध्ये ठरलं होतं. उठून बाहेर आले, बाकावर बसले, मानेवर ओला टॉवेल टाकला. काचेतून आत चाललेलं धनुरासन पाहत बसले. काही झालं नाही. शिक्षिकेने नंतर येऊन सांगितलं की खोली सोडल्याने बाकीच्यांची एकाग्रता भंगते, पुढच्या वेळी जमलं तर चटईवरच पडून राहा. मी म्हटलं, नाही जमणार.

त्याच दिवशी मी काउंटरवर त्यांचा फॉर्म मागून घेतला, दरवर्षी सही करायला देतात तो. गुडघा, पाठ, गरोदरपण, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सगळ्यासाठी चौकोन आहेत. १०५ अंशांच्या खोलीत शिरण्याआधी भरायच्या या फॉर्मवर 'पूर्वी कधी उष्माघात झाला होता का' असा चौकोन नाही. पाणी काढणाऱ्या गोळ्यांचाही नाही. काउंटरवरच्या मुलीला दाखवलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की फॉर्म वकिलाकडून छापून येतो, तिच्या हातात काही नाही. मग मी तिच्याकडून पेन घेतलं आणि समासात इंग्रजीत लिहिलं: उष्माघात, मे महिना, औषधं अमुक-तमुक, शुद्धीत असले तरी माझं ऐकू नये. तिने ते वाचलं, फोटो काढला, आणि शेवटच्या वाक्याखाली स्वतःहून एक रेघ मारली.